बदक क्लबचा सातवा नियम

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी क्लेमंट रेथबी पोहण्याच्या नव्या चड्डीत आरशासमोर उभा राहिला. चड्डी निळी होती आणि 'यात तुम्ही तरुण दिसाल' असे सांगून दुकानातल्या मुलीने ती त्याच्या गळ्यात मारली होती. आरशात तरुण असे काहीच दिसत नव्हते. पोट पुढे, छाती आत, आणि खाली पिसे काढलेल्या कोंबडीच्या असाव्यात तशा दोन तंगड्या. त्यांतल्या उजव्या गुडघ्यावर डिसेंबरातल्या शस्त्रक्रियेचा लाल व्रण. एकाहत्तराव्या वर्षी माणसाने आरशासमोर फार वेळ काढू नये हे त्याला कळत होते. पण तासाभराने स्कारबी गावच्या नगरपालिकेच्या तलावावर सगळा बदक क्लब हेच दृश्य पाहणार होता, आणि आपली फजिती आधी आपण पाहून घ्यावी हे त्याचे जन्मभराचे धोरण होते.

"क्लेम, तुला ते जमणार नाहीये," त्याची बायको एनिड दारातून म्हणाली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने 'जमणार नाही' हे त्याला चारदाच सांगितले होते आणि चारही वेळा तिचेच खरे ठरले होते.

"डॉक्टर म्हणाला, पोहायला हरकत नाही."

"पोहायला. पाण्यातून होडीत चढायला नाही. होडीचं तू त्याला सांगितलंसच कुठे?"

"विषय निघाला नाही."

"मग नियम बदल. तूच केलायस ना? मत आहे तिघांना. एक तू, एक तो डंकर्ली. तू शिंकलास तरी तो अनुमोदन देतो."

क्लेमंटने मोजे शोधायला सुरुवात केली. नियम बदलता येईल हे त्याला तिच्याआधी सुचले होते. गेले दोन महिने रात्रंदिवस दुसरे काही सुचलेच नव्हते. पण बदलायचा कुठल्या तोंडाने, हा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाचे नाव विल्फ स्टॅम्पर असे होते.

बदक क्लब म्हणजे युद्धात विमानासकट उत्तर समुद्रात पडलेल्या आणि रबरी होडीच्या कृपेने जिवंत परतलेल्यांचा क्लब. १९४७ साली स्टेशन हॉटेलच्या मागच्या खोलीत चौतीस जणांनी तो काढला. बिल्ला म्हणून एक पिवळे बदक, तेही कोटाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला लावायचे, कारण पाण्यात पडणे ही काही छातीवर मिरवायची गोष्ट नव्हे यावर सगळ्यांचे एकमत होते. वर्षातून एक जेवण. क्लब तेवढाच राहिला असता, पण क्लेमंट चिटणीस झाला.

तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, नगरपालिकेत कारकुनी करत होता, आणि कोरा कागद दिसला की त्यावर नियम लिहायची त्याला खोड होती. क्लबात हॅलम-प्रायर नावाचे एक विंग कमांडर होते. वय पन्नाशीचे, देह भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम. ते न विचारता अध्यक्षाच्या खुर्चीत बसत आणि क्लेमंटने लिहिलेले इतिवृत्त लाल पेन्सिलीने तपासून परत देत. लाल पेन्सिल क्लेमंटच्या फार जिव्हारी लागली. त्याने एक अख्खा रविवार घालवून सातवा नियम लिहिला. दर फेब्रुवारीत जेवणाआधी प्रत्येक सभासदाने तलावात उतरून, जुने पिवळे हवेचे जाकीट घालून, पाण्यातून रबरी होडीत स्वतः चढून दाखवायचे. प्रयत्न तीन, प्रत्येकी दोन मिनिटे. जो चढणार नाही तो 'किनाऱ्यावरचा'. त्याला मत नाही, आणि जेवायला त्याने स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या लहान टेबलावर बसायचे.

ठराव हशाटाळ्यांत पास झाला. पुढच्या वर्षी हॅलम-प्रायर तीनदा होडीवरून घसरले, लहान टेबलावर बसून मुकाट जेवले आणि पुन्हा कधी आले नाहीत. त्या दिवशी क्लेमंटला तीन ग्लास बिअर फुकट मिळाली. आपणही कधी पन्नाशीचे होऊ, ही शंका त्या खोलीत एकालाही आली नाही.

नियमाने आपले काम पहिल्याच फटक्यात केले, पण मग तो थांबला नाही. कुणाची कंबर गेली, कुणाचे पोट आले, कुणाचे हृदय. एकेक जण मोठ्या टेबलावरून उठून लहान टेबलावर गेला, आणि प्रत्येक वेळी काठावर घड्याळ आणि नोंदवही घेऊन क्लेमंट उभा होता. यंदा, म्हणजे १९९१ साली, लहान टेबलावर अकरा माणसे होती आणि मोठ्या टेबलावर तीन. लहान टेबलाला जोडून आणखी दोन टेबले लावावी लागत. तिथे सूप वाफाळलेले यायचे. मोठ्या टेबलापर्यंत ते खोली ओलांडून येईतो कोमट होई. तिथला हसण्याचा आवाज इकडे ऐकू येई, आणि इकडे क्लेमंट, डंकर्ली आणि गॉल हे तीन मतदार एकमेकांना मोहरीची चटणी हवी का विचारत बसत.

यात विल्फ लहान टेबलावर गेला तो १९६८ साली. विल्फचा धंदा छपरांवर कौले बसवायचा. त्या हिवाळ्यात तो एका शाळेच्या छपरावरून पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तरी फेब्रुवारीत तो तलावावर आला. डंकर्लीने ठराव मांडला की विल्फला एक वर्षाची सूट द्यावी. त्यावर क्लेमंट उठून जे बोलला ते त्याच्याच सुबक अक्षरात नोंदवहीत आहे: 'नियम माणूस बघून वाकवायचा नसतो.' विल्फने तीन प्रयत्न केले. तिसऱ्या वेळी त्याचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता. बाहेर आल्यावर तो एवढेच म्हणाला, "लिही, क्लेम. तुझं अक्षर चांगलं आहे." तेव्हापासून तेवीस वर्षे विल्फ लहान टेबलावर बसत होता. भेटला की टोपीला हात लावी. नाताळला कार्ड पाठवी. पण बोलत मात्र नव्हता, म्हणजे हवापाण्यापलीकडे.

क्लेमंट आणि विल्फ एका विमानातले. विमान दोघांचेच होते: पुढे विल्फ चालवायला, मागे क्लेमंट नकाशा घेऊन. ती गोष्ट क्लेमंट दर वर्षी जेवणानंतर स्वतःच सांगे. हॉलंडच्या किनाऱ्यावर गोळ्या लागून टाकी गळू लागली. सरळ घरी आलो असतो तर पेट्रोल पुरले असते. पण क्लेमंटने हिशोबात वारा उलटा धरला. "इंग्लंड डाव्या हाताला ठेवून आम्ही दिमाखात उत्तरेला चाललो होतो," तो सांगे. "पेट्रोल संपलं म्हणून बरं, नाहीतर विल्फला मी आइसलँडला पोचवला असता." हशा हमखास. आपल्या गाढवपणाच्या गोष्टी सांगण्यात क्लेमंटचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. स्वतःवर इतके मोकळेपणी हसणाऱ्या माणसाने काही लपवले असेल असे कुणाच्या मनात येत नाही, हे त्याला फार पूर्वी उमगले होते. गोष्ट तो विमान पाण्यावर आदळण्यापर्यंत आणी आणि तिथे थांबे.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर, १९४७ साली, सगळ्या सभासदांची माहिती रकान्यांत भरलेली होती. नाव, तारीख, पाण्यात किती तास, आणि शेवटचा रकाना: 'होडीत कसे चढलात'. चिटणीस म्हणून पहिली ओळ क्लेमंटची. त्याने लिहिले होते, 'स्वतः'. खालच्या तेहेतीसही ओळींत तेच होते.

तलावावर क्लोरिनचा वास आणि म्हाताऱ्या माणसांच्या ओव्हरकोटांचा वास मिसळला होता. किनाऱ्यावरचे अकराजण काठाच्या लांब बाकावर ओळीने बसले होते. कुणी थर्मास आणला होता, कुणी बिस्किटे. टोकाला विल्फ, टोपी डोक्यात, हात ओव्हरकोटाच्या खिशांत. गॉल मुलीकडे स्पेनला गेला होता आणि पोटकलम क नुसार त्याला माफी होती.

डंकर्ली आधी उतरला. तो बगळ्यासारखा किडकिडीत, त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नात होडीत जाऊन पडला. बाकावरून टाळ्या झाल्या. क्लेमंटने वेळ लिहिली, वही कोरड्या जागी ठेवली आणि जाकिटाचे पट्टे बांधू लागला. गाठ बसेना.

डंकर्ली ठिबकत जवळ आला. "हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "एक ठराव आणू का? शस्त्रक्रिया झालेल्यांना वर्षभर सूट. मी मांडतो, तू अनुमोदन दे. दोन मिनिटांचं काम."

क्लेमंटने बाकाकडे पाहिले. विल्फ त्यांच्याकडे बघत नव्हता. छताकडे बघत होता, काचा कुठे गळतात ते बघावे तसा.

"नको," क्लेमंट म्हणाला.

"अरे, कोण काय म्हणणार आहे?"

"कोणी काही म्हणणार नाही, डंकर्ली. तीच पंचाईत आहे. घड्याळ धर."

पाणी कोमट होते. क्लेमंट पोहत होडीपाशी गेला. चढायचे तंत्र त्याला तोंडपाठ होते. गावातल्या शाळांत जाऊन, फळ्यावर चित्र काढून, त्याने ते तीन पिढ्यांना शिकवले होते. हातांनी स्वतःला वर ओढायचे नाही, तसे केले की होडी अंगावर उलटते. पाण्यावर पालथे आडवे व्हायचे, पाय जोरात मारायचे आणि होडी पोटाखाली ओढून घ्यायची. सगळी भिस्त पायांवर. उजवा पाय मारल्याबरोबर गुडघ्यातून कळ अशी आली की त्याच्या तोंडातून नगरपालिकेच्या जागेत उच्चारू नये असा शब्द निघाला. होडी सटकली. दोन मिनिटे संपली.

दुसऱ्या वेळी तो पोटापर्यंत वर गेला. बाकावरून कुणीतरी "शाबास, चिटणीस," म्हणाले. मग पोटाने पुढे जायचे नाकारले. पोट इतक्या ठामपणे कुठल्या ठरावाला विरोध करताना त्याने पाहिले नव्हते. तो मागे घसरला, नाकातोंडात पाणी गेले, आणि खोकताना त्याला हसू आले. हॅलम-प्रायर अस्सेच खोकले होते.

"तिसरा," डंकर्ली नाइलाजाने म्हणाला.

तिसऱ्या प्रयत्नापर्यंत होडी सरकत काठाजवळ आली होती. क्लेमंटने तिचा दोर धरला आणि नुसता लटकून राहिला. गुडघा पेटला होता, दंडांत जीव नव्हता. ओल्या रबराचा वास थेट नाकाशी आला. आणि मग त्याने पाहिले की आपली बोटे दोरावरून सुटत आहेत. ती तो सोडवत नव्हता. ती आपली आपण सुटत होती, एकेक, आणि त्याला ते बरे वाटत होते.

असे त्याला पूर्वी एकदाच वाटले होते. मार्च १९४३, पहाट, पाणी इतके गार की श्वास घशातच अडकायचा. विल्फ होडीत पोचला होता, आदळताना त्याचे डावे गळपट्टीचे हाड मोडले होते. क्लेमंट बाहेर, दोर धरून. चढायचा प्रयत्न त्याने एकदा केला असेल, फार तर. मग तो म्हणाला होता, "मला नाही जमत. तू जा." तेवीस वर्षांचा धडधाकट माणूस. आणि त्याने दोर सोडला होता. सुटला नव्हता, सोडला होता. मग जाकिटाची कॉलर कुणीतरी मागून धरली. मोडक्या हाडाच्या माणसाने, एका हाताने, त्याला गोणीसारखा आत ओढला होता. सहा तासांनी बचावपथकाच्या बोटीने दोघांना उचलले, आणि त्या सहा तासांत, आणि नंतरच्या अठ्ठेचाळीस वर्षांत, विल्फने त्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. नोंदवहीत क्लेमंटच्या नावापुढे 'स्वतः' वाचूनही नाही. १९६८ साली त्याच सभासदाच्या हातातल्या घड्याळाकडे बघत पाण्यात धडपडतानाही नाही.

"किती राहिलं?" विल्फचा आवाज आला.

"पन्नास सेकंद," डंकर्ली म्हणाला.

ओव्हरकोटाची सळसळ ऐकू आली. विल्फ काठावर येऊन उभा राहिला होता, क्लेमंटपासून हातभर अंतरावर.

"क्लेम. हात माग."

"नियमात नाही," क्लेमंट कसाबसा म्हणाला.

"त्या दिवशीही तू मागितला नव्हतास. तेव्हा मी न मागता दिला. आज नाही देणार. त्र्याहत्तर वर्षांचा आहे मी, माझेही गुडघे आहेत. माग."

बाकावर कुणीतरी थर्मासचे झाकण लावता लावता थांबले. "कुठल्या दिवशी?" डंकर्लीने विचारले.

क्लेमंटच्या जिभेवर वाऱ्याचा विनोद आला. आइसलँडही आले. ते सांगितले असते तर सगळे हसले असते, सेकंद संपले असते, आणि तो खेळीमेळीत लहान टेबलावर जाऊन बसला असता. विल्फने उद्यापासून पुन्हा टोपीला हात लावला असता. विल्फला टोपीला हात लावताना पुन्हा बघायचे नाही, एवढे एकच त्या पाण्यात त्याला स्वच्छ कळले.

"विल्फ," तो म्हणाला. "मला जमत नाहीये. हात दे."

विल्फ गुडघ्यांवर बसला, कुरकुरत, एकेक गुडघा टेकत. उजवा हात खांद्यातून वर जात नव्हता, म्हणून त्याने डावा पुढे केला आणि क्लेमंटच्या जाकिटाची कॉलर मागून धरली. अगदी तिथेच. मग तो ओढू लागला, आणि क्लेमंट वर येण्याऐवजी विल्फच खाली जाऊ लागला. डंकर्लीने घड्याळ टाकले आणि विल्फचा ओव्हरकोट धरला. बाकावरचे दोघे-तिघे उठून डंकर्लीला धरायला धावले. पुढे काय झाले याबद्दल क्लबात आजही तीन मते आहेत. एवढे नक्की की क्लेमंट पोटावर होडीत पडला, त्याच्या पाठीवर विल्फ ओव्हरकोट-बुटांसकट पडला, आणि बाकीचे काठावर एकमेकांवर पडले. तलावाच्या व्यवस्थापिका मिसेस थ्वेट शिट्टी वाजवत बाहेर आल्या आणि कपड्यांसकट पोहायला मनाई असल्याची पाटी त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवली.

अंग पुसून झाल्यावर क्लेमंटने वही मागितली. यंदाच्या पानावर आपल्या नावापुढे त्याने 'किनाऱ्यावर' असे लिहिले. मग त्याने पहिले पान उघडले.

"आता काय लिहितोस?" डंकर्लीने विचारले.

 पहिल्या ओळीतले 'स्वतः' क्लेमंटने एका रेघेने खोडले. चव्वेचाळीस वर्षांत त्या वहीत झालेली ती पहिली खाडाखोड. वर त्याने लिहिले, 'दोर सोडला होता. विल्फ स्टॅम्परने ओढून घेतले.' अक्षर चांगले आले नाही. त्याने वही बाकाकडे वळवून धरली, सगळ्यांना वाचता यावी म्हणून.  पुढे काय होईल हे त्याने मनात ठरवूनच टाकले होते: गप्पगप्प, मग घसा खाकरणे, मग कुणीतरी जेवणाची वेळ झाली म्हणून सांगणे.

डंकर्लीने वही हातात घेऊन ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाला, "ते पेन दे जरा."

"कशाला?"

"मला एका डॅनिश कोळ्याने काढलं होतं. मासे ओढायच्या आकड्याने. आकडा कुठे लावला होता ते लिहायलाच पाहिजे असं काही नाही ना?"

"पण तू 'स्वतः' लिहिलंयस."

"तू लिहिलं होतंस म्हणून. पहिल्याच ओळीत एवढं ठसठशीत 'स्वतः', त्याच्याखाली आकडा लिहायची लाज वाटली मला."

वही बाकावरून पुढे सरकू लागली. एकाला त्याच्या गोलंदाजाने, म्हणजे तोफेवरच्या पोराने, केस धरून घेतला होता. दुसरा बेशुद्ध होता, जागा झाला तो होडीतच, कसा आला हे त्याला आजतागायत माहीत नव्हते. तिसऱ्याची होडी फुगलीच नव्हती आणि तो लाकडी खोक्यावर तरंगत आला होता, म्हणजे तसे पाहिले तर तो सभासदच नव्हता. प्रत्येक जण लिहिताना कुरकुरत होता आणि क्लेमंटकडे असे बघत होता, जणू गेली चव्वेचाळीस वर्षे हे सगळे त्याच्या अक्षरामुळे झाले. तसे ते झालेच होते. हॅलम-प्रायरनाही विचारायला हवे होते की तुम्ही कसे चढलात, पण त्यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती.

शेवटी वही विल्फकडे आली. त्याची ओळ क्लेमंटच्या खाली दुसरी. त्याने ती वाचली आणि पेन न लावता वही मिटली.

"माझं बरोबर आहे," तो म्हणाला. "मी स्वतःच चढलो होतो."

स्टेशन हॉटेलला जाताना क्लेमंट आणि विल्फ मागे राहिले. एकाचा गुडघा, दुसऱ्याचे ओले बूट. विल्फच्या अंगात मिसेस थ्वेटनी दिलेला नगरपालिकेचा डगला होता, पाठीवर 'जीवरक्षक' असे छापलेला.

"अडुसष्ट साली का नाही बोललास?" क्लेमंटने विचारले. "एक शब्द टाकला असतास तर मी तिथेच बसलो असतो."

"तू सांगायचं होतं ते. मी कशाला सांगू?"

"तेवीस वर्षं, विल्फ."

"राग आला होता मला. खूप आला होता. खांद्यापेक्षा जास्त ते दुखलं." विल्फने थांबून एका बुटातले पाणी ओतले. "मग तिकडे सूप गरम मिळायला लागलं."

हॉटेलात लहान टेबलावर आणखी एक खुर्ची सरकवली गेली. मोठ्या टेबलावर पांढऱ्या कापडासमोर डंकर्ली एकटाच बसला. त्याने इकडे पाहिले, मोहरीच्या बाटलीकडे पाहिले. मग उभा राहून त्याने रिकाम्या खोलीला उद्देशून सातवा नियम रद्द करण्याचा ठराव मांडला, स्वतःच अनुमोदन दिले, स्वतःच हात वर केला, आणि खुर्ची उचलून इकडे आला. मतदानाला निदान दोघे लागतात, असे क्लेमंटच्या ओठांवर आले होते. ते त्याने सुपाबरोबर गिळले. सूप इतके गरम होते की जीभ भाजली.

पुडिंग संपल्यावर नेहमीप्रमाणे कुणीतरी चमचा वाजवला. "चिटणीस, वारा."

क्लेमंट उठला. गोळ्या, टाकी, पेन्सिल, उलटा वारा. इंग्लंड डाव्या हाताला. आइसलँड. सगळे हसले, नेहमीच्याच जागी. विमान पाण्यावर आदळले. तिथे दर वर्षी तो बसायचा, आणि काहींनी टाळ्यांसाठी हात उचललेही. क्लेमंट बसला नाही.

"मग मी दोर धरून लटकलो होतो," तो म्हणाला, "आणि मी तो सोडला. मला भीती वाटत नव्हती, कंटाळा आला होता. मरायचा कंटाळा नव्हे, चढायचा. आणि यानं मला कॉलरला धरून आत घेतलं. ओढताना हा काहीतरी म्हणाला होता, ते मात्र मला कधी आठवलं नाही. कानात पाणी होतं."

सगळ्यांनी विल्फकडे पाहिले. तो पुडिंगची वाटी खरवडत होता.

"मी म्हणालो, वर ये लेका, घर कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत नाही."

"अरे, पण ते मलाही माहीत नव्हतं," क्लेमंट म्हणाला.

"ते मला माहीत होतं," विल्फ म्हणाला, आणि त्याने क्लेमंटचे उरलेले पुडिंग आपल्याकडे ओढून घेतले.